खोक्यातला निसर्ग

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. जेवणं आटोपली होती, बाहेर रिपरिप चालू होती, आणि आमच्या मधल्या खोलीत सूनबाई कात्री, डिंक, रंगाच्या बाटल्या असा सगळा पसारा मांडून बसली होती. शेजारी पाच वर्षांची नात गोधडीवर गाढ झोपलेली. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत 'नेचर क्राफ्ट' न्यायचं होतं. त्यासाठी शाळेने सांगितलेल्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचं एक खोकं आणलं होतं.

"अगं, हे तिनं करायचं ना?" मी विचारलं.

"ती कसलं करतेय, आई! तिनं केलं तर नीट दिसत नाही. बाकीच्यांचं छान असतं, मग रडत येते घरी."

मी चष्मा लावून खोकं पाहिलं. फोमची कापलेली लाल-पिवळी पानं, पाइनच्या झाडाची दोन वाळकी फळं, पिशवीत गुळगुळीत पांढरे खडे, कापडी फुलं, झाडाचा आकार कापलेला प्लास्टिकचा साचा, सहा रंग आणि एक ब्रश. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा की निसर्गाशी मैत्री करा!

सकाळी नातीने दप्तर भरता भरता त्यातलं एक पान उचललं आणि विचारलं, "आजी, हे कशाचं पान आहे?"

ते मेपलचं पान होतं. कॅनडाच्या झेंड्यावर असतं म्हणून मला नाव ठाऊक. झाड मात्र जन्मात पाहिलेलं नाही. राजुरीत सून म्हणून आले त्याला पन्नास वर्षं होत आली. इथे आंबा आहे, चिंच आहे, लिंब, बाभूळ, उंबर, शेवगा आहे, ओढ्याकडेला पळस आहे. आमच्या दारातून वीस पावलं चाललं तर आठ-दहा प्रकारची पानं हाताला लागतात. आणि निसर्गाशी मैत्री करायला आमच्या पोरीला पान मिळालं ते फोमचं, आणि तेही कॅनडातलं!

त्या क्राफ्टला शाळेत तीन चांदण्या मिळाल्या. त्या नातीला मिळाल्या की सुनेला, हे शाळेने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या रविवारी तिला कोरा कागद दिला, गेरू भिजवून दिला आणि म्हटलं, "काढ बाळा काहीतरी." तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला नाही येत. आई काढते."

पाच वर्षांचं मूल! अजून दुधाचे दात पडले नाहीत, आणि आपल्या हाताला येत नाही हे तिला कळून चुकलंय. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांच्या शाळांतून 'निसर्ग-कला' या नावाखाली जे चाललं आहे त्यात निसर्गही नाही आणि कलाही नाही. त्यात खरेदी आहे, आईची जागरणं आहेत आणि शाळेच्या ग्रुपवर टाकायला फोटो आहेत. मुलाचा हात त्यात कुठेही नाही. आणि हे शहरात नाही, आमच्या जुन्नर तालुक्यात, शेतात घर असलेल्या मुलांच्या बाबतीत होतंय, याची मला जास्त चीड येते.

सूनबाईला मी दोष देत नाही, हे आधी सांगते. पहाटे पाचला गोठ्यात जाणारी बाई ती. दूध डेअरीला घालायचं, डबे करायचे, दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री दहा वाजता फोमची पानं चिकटवायची. शाळेने मागितलं, तिने दिलं. मागणाऱ्याने काय मागितलं हा खरा प्रश्न आहे.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्या वेळी तरी कुठे सगळं छान होतं? नव्हतंच. आणि माझं पाप मीच सांगितलेलं बरं.

१९८६च्या सुमाराची गोष्ट. मी तालुक्यातल्याच एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी मुलांकडून पानांचे ठसे करून घेतले, गेरूचे आणि निळीचे. मुलं खूश होती. ठसे मात्र कसे असायचे? कुणाचा अर्धाच उमटलेला, कुणाचा फराटा, कुणाच्या पानाशेजारी पाचही बोटं. शाळा सुटल्यावर मी ते सगळे कागद पुढ्यात घेतले. डाग कापून टाकले, काळ्या शाईने कडा आखल्या, राहिलेल्या शिरा ओढल्या आणि सगळे एका मापाचे करून भिंतीवर ओळीत चिकटवले. वर्ग कसा देखणा दिसत होता!

सकाळी मुलं आली. एक धनगराचा मुलगा होता, बोलायला कमी. तो भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, माझं कुठंय?" मी बोट दाखवलं, "हे काय!" त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे न्हाई माझं."

साहेबांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. तो शेरा काय होता ते मला आज आठवत नाही. त्या पोराचं वाक्य आठवतं. सूनबाईने रात्री दहाला जे केलं तेच मी बाई असून, पगार घेऊन केलं होतं. म्हणून मला हे बोलायचा अधिकार आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. पण चूक कशी होते हे मला आतून माहीत आहे. मोठ्यांना नीटनेटकं दिसायला हवं असतं, आणि त्या हौसेपायी आपण मुलाचं काम खोडून टाकतो.

आपल्याकडे याहून शहाणी माणसं होऊन गेली आहेत, आणि ती फार लांबची नाहीत. ताराबाई मोडकांनी माँटेसरीची पद्धत आपल्याकडे आणली ती गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने. पण त्या पद्धतीची साधनं महाग. खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना ती कुठून परवडणार? ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, तिथून १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. साधनं म्हणून काय घेतलं? तिथल्याच बिया, पानं, शंख-शिंपले, खडे, माती. मुलाच्या हाताला जे रोज लागतं तेच शिकण्याचं साधन. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आम्ही त्यांचे फोटो लावतो, जयंतीला हार घालतो, आणि मग मुलांना खोकं विकत आणायला सांगतो.

त्याच डहाणू भागात वारली बायका लग्नघरात चौक लिहीत आल्या आहेत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. झालं सामान! एवढ्याच सामानावर जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आणि आज आपल्या शाळांच्या भिंतींवर काय असतं? वारली आकृत्यांचे साच्याने छापलेले पट्टे. दोन त्रिकोण, एक गोल, सगळीकडे तोच माणूस.

आता 'करायचं काय ते सांगा' असं विचाराल, तर सांगते. यातलं बहुतेक मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्गात केलं आहे आणि या पावसाळ्यापासून नातीबरोबर परत करते आहे.

पानाचा ठसा घ्यायचा तर रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा. शिरा तिकडे उठून असतात. रंग पातळ नको आणि लपका नको. वर कागद ठेवून तळहाताने दाबायचं, उचलायचं. पान तोडल्यावर तासभर ठेवलं की थोडं मऊ पडतं आणि ठसा चांगला येतो. पण मुलाला हे आधी सांगायचं नाही. आधी त्याला पुढच्या बाजूला रंग लावू दे, सपाट डाग येऊ दे. मग ते स्वतःच पान उलटं करून बघतं. नातीने तिसऱ्या पानाला उलटं केलं. "आजी, इकडे रस्ते आहेत!" असं ओरडली. शिरांना तिने रस्ते म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही. पाणी त्याच रस्त्यांनी जातं, हे ती पुढे शिकेल.

भेंडी आडवी कापली की पाच कोनांची चांदणी. कांदा आडवा कापला की एकात एक गोल. कारल्याची कड कातरलेली. आळेफाट्याच्या बाजारात ज्या तालुक्याचा कांदा पोत्यांनी जातो, तिथल्या मुलाने कांद्याच्या आतली वर्तुळं कधी नीट बघितलेली नसावीत, हे बरं नव्हे.

रंगांसाठी स्वयंपाकघर पुरेसं आहे. हळद पाण्यात कालवली की पिवळा. त्यातच खायच्या चुन्याचं कणभर पाणी मोठ्या माणसाने टाकलं की डोळ्यादेखत लाल! कुंकू असंच करतात हे मुलाला त्या क्षणी कळतं. (चुना मुलांच्या हातात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर घात होतो.) जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवा, लिंबू पिळा, रंग लालगुलाबी होतो, दुसऱ्या वाटीत सोडा टाका, हिरवटाकडे झुकतो. कांद्याची वाळकी सालं उकळली की तपकिरी-पिवळा. फाल्गुनात पळसाची फुलं उकळली की केशरी. चुलीतला कोळसा काळा. गेरू दुकानात मिळतो. बाभळीचा डिंक भिजवून घातला की रंग कागदाला धरतो. ब्रश नसेल तर लिंबाची काडी चावून घ्या.

पळसावरून आठवलं. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण आम्ही परीक्षेला विचारतो. निवृत्तीच्या आधी एकदा मोठ्या मुलांना मी ओढ्याकडेला नेलं आणि म्हटलं, दाखवा पळस. म्हणीचा अर्थ सगळ्यांना पाठ, झाड दोघांना ओळखता आलं! पाच वर्षांच्या मुलाने पळसाच्या पानाचा एक ठसा काढला तर तीन दलं त्याच्या बोटांना कळतात. मग म्हण पाठ करावी लागत नाही.

ओढ्यातला काळा दगड घ्यायचा, धुवायचा आणि रंगवण्याआधी हातात फिरवायचा. हा कशासारखा दिसतो? नातीला एकात बसलेली म्हैस दिसली, तिने फक्त दोन डोळे आणि शिंगं काढली. खोक्यातल्या गोल पांढऱ्या खड्यांत म्हैस दिसत नाही, कारण ते सगळे एकसारखे असतात. आमच्याजवळच, बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेचा हजारो वर्षांपूर्वीचा थर आहे. तो बघायला लांबलांबचे अभ्यासक येतात. (तो खरवडू नका, बघायला न्या!) ज्या मातीचा एवढा अभ्यास होतो, त्या मातीत हात घातला म्हणून आपण आपल्याच मुलांना रागावतो.

आता आक्षेप. ते मी शिक्षकांकडून आणि पालकांकडून ऐकले आहेत, आणि सगळेच काही पोकळ नाहीत.

पहिला, बिबट्याचा. आमच्या भागात हा चेष्टेचा विषय नाही. उसात बिबट्या असतो, माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. तेव्हा 'मुलांना रानात सोडा' असं मी म्हणणार नाही. पण पानं गोळा करायला रान लागत नाही. दिवसाउजेडी, मोठं माणूस बरोबर असताना, अंगण आणि शाळेचं आवार पुरतं. पोतंभर पानं शिक्षिकेने आणली तरी चालतील. वर्गात ती मुलांसमोर ओता, त्यांना निवडू द्या.

दुसरा, विषाचा. हा आक्षेप मला जास्त पटतो, आणि गंमत म्हणजे तो कुणी घेत नाही! द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या बागेतलं पान मुलाच्या हाती कधीही देऊ नका, त्यावर फवारणी असते. रुईचा चीक डोळ्यांना वाईट. कण्हेर आणि धोत्रा विषारी, घाणेरीही नको. गाजरगवताने अंगाला खाज सुटते. पानं धुऊन घ्या, मुलांचे हात धुवा. आपल्या शिवारातलं कुठलं पान हातात घ्यायचं आणि कुठलं नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला कळणं हेसुद्धा शिक्षणच आहे. खोक्यातून ते मिळत नाही.

तिसरा, वेळेचा आणि कपड्यांचा. चाळीस मुलं, एक बाई, डाग पडतात. हो, पडतात. जुना सदरा आणायला सांगा. चाळीस जणांनी एकदम करायची गरज नाही, आठ-आठ जणांचे गट करा. आणि 'आमच्याकडे चित्रकलेचे शिक्षक नाहीत' हे कारण मला सांगू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरावर मुलं असतील तिथे. म्हणजे खेड्यातल्या छोट्या शाळेला तो मिळत नाही आणि बालवर्गाला तर नाहीच. ही त्रुटी आहे, तिच्याबद्दल भांडलं पाहिजे. पण तीन ते आठ वयाच्या मुलांना चित्रकलेचा तज्ज्ञ लागत नाही. स्वतःचे हात आवरून बसता येईल अशी बाई लागते. ते किती कठीण आहे ते मला विचारा!

चौथा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच आहे: पालकांना दाखवायला काय? फी भरणाऱ्याला फोटो हवा. साच्यातून निघालेलं झाड फोटोत छान दिसतं, मुलाचा फराटा दिसत नाही. तीन ते आठ वर्षं वयाच्या शिक्षणाबद्दल २०२०च्या धोरणात आणि २०२२च्या आराखड्यात खेळाचं, हाताने करण्याचं, स्थानिक वस्तूंचं महत्त्व सांगितलं आहे. ते वाचून शाळा पत्रकं छापतात आणि खोक्यांची यादी पाठवतात. कारण खोकं मोजता येतं.

तीच गत दिवाळीच्या किल्ल्याची. माती, दगड, पोतेरं, वर अळीव पेरून हिरवळ, यापेक्षा मोठी निसर्ग-कला कुठली? पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती कुणी न शिकवता करत आली. आता प्लास्टरचा रंगवलेला किल्ला बाजारात मिळतो. शिवनेरी ज्या तालुक्यात आहे तिथली मुलं किल्ला विकत आणतात! त्याचा दरवाजा कुठल्या बाजूला ठेवायचा याचं भांडणसुद्धा भावंडांना उरलं नाही.

म्हणून शाळांना माझी एवढीच विनंती आहे. खोकी मागवू नका. महिन्यातून दोनदा दोन तास द्या. जे उमटेल त्याच्यावर मुलाचं नाव लिहा आणि आहे तसंच लावा. चांदण्या देऊ नका. पालकांना सांगा, की यंदा भिंत देखणी दिसणार नाही. आणि आयांनो, रात्री दहाला कात्री घेऊन बसू नका. मुलाने केलेलं वेडंवाकडं घेऊन त्याला शाळेत जाऊ द्या. पंधरा-वीस जणींनी एकदम असं केलं तर शाळा काय करणार आहे?

नातीचं सांगायचं राहिलं. ती हात पाठीमागे घेऊन उभी होती ना, त्या दिवशी मी काही बोलले नाही. स्वतःच खाली बसून गेरूत बोट बुडवून कागदावर फराटे ओढत राहिले, तेही वाईट. दहा मिनिटांनी ती शेजारी येऊन बसली. "आजी, तुलापण नाही येत?" म्हटलं, "नाही गं." मग तिने हळदीच्या वाटीत अख्खा पंजा बुडवला.

तो पंजा, शेजारी आंब्याचं अर्धं पान आणि वर बरेचसे ठिपके असा तो कागद मी फडताळाच्या दाराला लावला. ठिपके म्हणजे पाऊस, असं ती म्हणते. हळदीचा रंग उन्हाने उडतो, पंधरा दिवसांत पंजा फिका पडला. "आजी, माझा हात गेला," ती तक्रार करत आली. म्हटलं, "मग दुसरा काढ."

तिने काढला. आता फडताळाच्या दारावर जागा उरलेली नाही.